स्लॅब गेला म्हणून घर पाडायचं नसतं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाच दिसेल. छत्रपती संभाजीनगरच्या हडको वसाहतीत, एन-11 मध्ये, सासऱ्यांना 1980 च्या दशकात मिळालेलं रो हाऊस. 600 चौरस फुटांचा प्लॉट, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, 9 इंची विटांच्या भिंती, दोन्हीकडे शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. मधल्या खोलीत छताचे पोपडे पडतात, गंजलेल्या सळया दिसतात, पावसाळ्यात खाली बादली ठेवावी लागते. सासरे म्हणतात डागडुजी करा. दीर म्हणतात पाडून नवं बांधू. गुत्तेदार म्हणतो, चार कोपऱ्यांत कॉलम घेतो आणि वर दोन खोल्या काढून देतो, नऊ लाखांत सगळं. तुमच्याकडे आठ लाख आहेत आणि लेकरं मोठी झाल्यामुळे वर एक खोली तरी हवीच आहे.

तुम्ही विचारलंय, डागडुजी की पाडकाम? माझं म्हणणं असं की प्रश्नच थोडा चुकीच्या ठिकाणी अडकलाय. छताचा निकाल वेगळा लावायचा आणि भिंती-पायाचा वेगळा. तुमच्या घरातली सगळी चर्चा छताकडे बघून चाललीय, आणि पाडायचं की ठेवायचं हे मात्र भिंती आणि पाया ठरवतात.

कॉलम-बीमच्या इमारतीत कॉलम गंजला की सगळा खेळ संपतो. तुमचं घर तसं नाही. ते भिंतींवर उभं आहे. स्लॅब त्या भिंतींवर नुसता टेकलाय. वीट गंजत नाही. पाया खचला नसेल, भिंतींत सतत ओल मुरत नसेल, तर त्या काळातल्या 9 इंची भिंती आजही खणखणीत सापडतात आणि त्यांच्यावरचा चार इंची स्लॅब मात्र संपलेला असतो. सिडको-हडकोतल्या जुन्या घरांत मला हेच चित्र सगळ्यात जास्त दिसतं. अशा वेळी भिंती ठेवून फक्त स्लॅब बदलता येतो, एकेक खोली करत. गुत्तेदार हा पर्याय सहसा सांगत नाहीत, कारण काम किचकट, टेकू फार लागतात, आणि नव्या बांधकामाच्या मानाने त्यात पैसा कमी.

आता हे सगळं तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या फोटोवरून सांगता येत नाहीत: सळया किती खाल्ल्या गेल्यात, भिंतींतल्या विटा जोडणारा मसाला कसा आहे, आणि पाया कशावर बसलाय. तिन्ही तपासायला फार खर्च येत नाही. त्या तपासल्याशिवाय कोणालाही विसार देऊ नका.

सळयांपासून सुरुवात करू. त्या काळात स्लॅब ओतताना सळईखाली ठोकळे ठेवायची शिस्त कमी होती. आजच्या मानकाप्रमाणे साध्या हवेतल्या स्लॅबला सळईखाली 20 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. जुन्या घरांत ते कित्येकदा जेमतेम 10 सापडतं. शिवाय तेव्हा वापरात असलेल्या पिळाच्या टोर सळया आजच्या टीएमटीपेक्षा लवकर गंजतात. काँक्रीट ताजं असतं तेव्हा त्यातला क्षार सळईला जपतो. वर्षानुवर्षं हवेतला कर्बवायू आत शिरत जातो तसा तो क्षार मरतो, आणि वरून गच्चीचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. तुमच्या खोलीत पडतायत ते पोपडे बहुतेक नुसत्या गिलाव्याचे नाहीत, स्लॅबच्या काँक्रीटचे आहेत. एक तुकडा उचलून कडेने बघा. त्यात खडी दिसली तर माझा अंदाज बरोबर.

तपासणी अशी करतात. हलकी हातोडी घेऊन छत दर फुटावर ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ, बद्द. बद्द आवाजाच्या जागा खडूने घेरायच्या. खोली ठोकून झाली की खाली उभं राहून वर बघितलं तरी दुखणं कुठे आहे ते नकाशासारखं दिसतं. बहुतेक वेळा ते गच्चीवरच्या टाकीखाली, पावसाच्या पाइपाजवळ नाहीतर न्हाणीच्या बाजूला जमलेलं असतं. मग दोन-तीन ठिकाणी काँक्रीट फोडायचं आणि ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. काँक्रीट गुलाबी झालं तर त्यातला क्षार अजून शाबूत आहे. रंग आलाच नाही तर तिथली सळई उघडी पडल्यातच जमा. सळईच्या खोलीपर्यंत गुलाबी रंग नसेल तर आज न दिसणारा गंज उद्या दिसणार, हे धरून चाला.

शेवटी सळई तारेच्या ब्रशने घासून, गंज काढून व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. 8 मिलिमीटरची सळई 7 भरली तर ऐकायला फार वाटत नाही. पण ताकद आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते. 8 ची 7 झाली म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा गेला, साडेसहा झाली तर तिसरा हिस्सा गेला. माझा ठोकताळा असा: गंज एकाच कोपऱ्यात असेल आणि सळई दहाव्या हिश्शाहून कमी खाल्ली गेली असेल, तर दुरुस्ती. खोलीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग बद्द वाजत असेल आणि सळयांचा पाव हिस्सा गेला असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, त्या खोलीचा स्लॅब बदला. मधल्या पट्ट्यात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने आकडेमोड करूनच सांगावं.

दुरुस्ती करायचीच झाली तर ती खरी करा. खाली टेकू लावून सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, झिजली असेल तिथे जोडसळई बांधायची, गंजरोधक लेप, मग जुनं-नवं धरणारा लेप, आणि पॉलिमर मिसळलेला मसाला पातळ थरांनी. मिस्त्री सळईवर नुसता सिमेंटचा हात मारून गिलावा करून देतो ते दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा खाली येतं. त्याहून वाईट म्हणजे पीओपीचं फॉल्स सीलिंग. दिसायला सुंदर, आणि वरचा स्लॅब काय करतोय ते कोणालाच दिसत नाही. सळया उघड्या पडलेल्या छताखाली फॉल्स सीलिंग लावायला मी सरळ नाही म्हणतो.

आता गच्चीवर चला, कारण दुखण्याचं मूळ तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की तीनदा वॉटरप्रूफिंग झालंय. म्हणजे बहुधा जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर चायना मोझॅक. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा 10 बाय 12 च्या खोलीवर दोन टनांहून जास्त भरतो. दोन थर असतील तर चार टन. वर 1000 लिटरच्या दोन टाक्या, म्हणजे आणखी दोन टन, आणि त्या नेमक्या खोलीच्या मधोमध, कारण तिथून पाइप जवळ पडतो. वापरत्या गच्चीवर माणसं, सामान वगैरेचा भार चौरस मीटरला 150 किलो धरतात. कोबा हा वेगळा, कायमचा भार, आणि तो स्लॅब आखताना जेवढा धरला असेल तेवढाच असायला हवा. दुसरा थर आणि टाक्या त्यात कोणीच धरलेल्या नाहीत. सळया झिजल्या आणि वजन वाढलं, हे दोन्ही एकाच स्लॅबवर चाललंय.

म्हणून बाकी काही ठरायच्या आधी, याच आठवड्यात, टाक्या मधून हलवा. दोन भिंतींवर टेकेल असं लोखंडी स्टँड करून त्यावर ठेवा, म्हणजे वजन स्लॅबमधून न जाता थेट भिंतीत उतरेल. मधल्या खोलीत लोखंडी प्रॉप लावा, आणि तोवर तिथे कोणी झोपू नका. ही सूचना गंभीरपणे घ्या.

जुना कोबा काढताना मजूर ब्रेकर लावायला बघतील. लावू देऊ नका. गंजलेल्या स्लॅबला ते हादरे सोसत नाहीत आणि सामाईक भिंतीतून शेजाऱ्याच्या घरात तडे जातात. छिन्नी-हातोडीने, खाली टेकू देऊन, आणि निघालेला राडारोडा त्याच स्लॅबवर ढीग न करता लगेच खाली. नव्या स्लॅबवर पुन्हा जाड कोबा नको. ओततानाच उतार द्या, वर पातळ जलरोधक लेप आणि संरक्षणाला पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. पांढरं का, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. काळपट गच्ची दिवसभर तापून पसरते, रात्री आकसते, आणि खालची भिंत त्या मानाने थंड. स्लॅब आणि भिंत जिथे भेटतात तिथे आडवा, सरळ रेषेतला तडा पडतो तो याच ओढाताणीने. तुमच्या तिसऱ्या फोटोत तसाच तडा दिसतोय. तो घर खचल्याचा नाही, त्याला घाबरू नका. सिमेंटने घट्ट भरू मात्र नका, पुन्हा तडकेल. लवचीक सीलंट भरा आणि गच्ची पांढरी करा.

दुसऱ्या फोटोतला तडा मात्र वेगळा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा खाली उतरलेला. तो पायाचा असू शकतो. इथे आपल्या जमिनीचा स्वभाव आडवा येतो. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर पाया असेल तर घर दर वर्षी तिच्याबरोबर हलतं. शहरात दोन गल्ल्यांत जमीन बदलते: एकीकडे दोन फुटांवर कडक मुरूम, पलीकडे नाल्याच्या बाजूला पाच-सहा फूट काळी. शेजाऱ्याच्या पायावरून स्वतःचा अंदाज बांधू नका. घराच्या एका कोपऱ्याला, बाहेरून, तीन-चार फुटांचा खड्डा घ्या. पाया किती रुंद, किती खोल आणि कशावर बसलाय ते डोळ्यांनी दिसेल. खड्डा पायाच्या तळाखाली न्यायचा नाही आणि पाहून झालं की मुरूम घालून ठोकून भरायचा. तड्यावर आडवी पेन्सिल रेघ मारून दोन्ही टोकांना खूण करा, शेजारी तारीख लिहा, आणि दर महिन्याला मोजा. उन्हाळ्यात उघडतो आणि पावसाळ्यात मिटतो, तर माती हलतेय. ऋतू बदलला तरी तो वाढतच जातोय, तर पाण्याची गळती शोधा.

गळती म्हटलं की पहिला संशय हौदावर. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक घरात हौद. जायकवाडी उशाला असून ही गत, पण तो विषय वेगळा. छोट्या प्लॉटवर हौदाला जागा नसते म्हणून तो पुढच्या खोलीत नाहीतर ओट्याखाली, पायाला चिकटून खोदतात. अशा हौदाला बारीक चीर पडली की पाणी बरोबर पायाखालच्या मातीत जातं आणि घरातल्या कोणाला पत्ता नसतो. तपासणं सोपं आहे: पाणी आलं त्या दिवशी हौद भरा, पातळीवर खूण करा, मोटर बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी बघा. झाकलेला हौद एका रात्रीत बोटभर उतरला तर तो गळतोय. हीच गोष्ट न्हाणीच्या चेंबरची. जोत्याजवळ पाणी मुरत असेल तर घराभोवती जिथे जागा आहे तिथे बाहेर उतार असलेली फरशी करून घ्या. रंगरंगोटीच्या खूप आधी हे काम.

भिंतींची तपासणी त्या मानाने झटपट होते. एका कोपऱ्यात गिलावा काढून विटांच्या सांध्यात खिळा खरवडा. मसाला दगडासारखा लागला तर उत्तम. राखेसारखा ओघळत आत गेला तर वरची खोली विसरा, आणि तेव्हा कदाचित दिरांचं बरोबर ठरेल. आतली कोणतीही भिंत साडेचार इंची असेल तर ती वजन घेणारी धरू नका. आणि हॉल मोठा करायचा म्हणून 9 इंची भिंत काढायची कल्पना कोणी मांडली असेल तर तिथेच थांबवा. त्या भिंतीवर दोन खोल्यांचे स्लॅब टेकलेले असतात.

आता गुत्तेदाराच्या चार कॉलमांकडे येतो, कारण खरी भीती मला त्याची वाटते. तो काय करणार ते सांगतो. कोपऱ्यातली 9 इंची भिंत छिन्नीने खोदून त्यात 9 बाय 9 चा कॉलम घुसवणार, चार सळया, खाली तीन फुटांवर छोटी पादी, म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया. एक तर कोपराच भिंतीचा सगळ्यात मजबूत भाग, तोच फोडला जातो. दुसरं, जुन्या पायाला लागून खोल खणलं की जुन्या पायाखालची माती सुटते. तिसरं, सामाईक भिंतीच्या बाजूला पादी कॉलमच्या दोन्हीकडे पसरू शकत नाही, पलीकडे शेजाऱ्याचा पाया आहे. मग कॉलम पादीच्या कडेवर उभा राहतो आणि वजन पडलं की पादी कलते. ती कलू नये म्हणून तिला आतल्या पादीशी बीमने बांधावं लागतं, आणि ते नऊ लाखांच्या अंदाजपत्रकात नसतं. चौथं म्हणजे खाली अर्धं वजन भिंतींवर, अर्धं कॉलमांवर. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने बसतात, आणि आपल्या मातीत तर नक्कीच. कॉलमच घ्यायचे तर पूर्ण सांगाडा हवा, स्वतःच्या पायावर उभा, जुन्या भिंतींवर काहीही न टाकणारा, आणि इंजिनिअरच्या नकाशाने. ते करता येतं. फक्त ते नऊ लाखांत होत नाही.

इथे किल्लारीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला लातूर-धाराशिवच्या त्या गावांत घरं का कोसळली? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, एकमेकींना न बांधलेल्या, आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं, प्रचंड वजन. तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तुमच्या विटांच्या भिंती त्या भिंतींसारख्या नाहीत, हे खरं. पण वर वजन वाढवत न्यायचं आणि खाली भिंती एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हा प्रकार मराठवाड्यातल्या माणसाने तरी करू नये. सगळ्या भिंतींवर नीट टेकलेला नवा, सलग स्लॅब भिंतींची डोकी एकत्र धरतो. स्लॅब बदलण्याचा हा एक न सांगितला जाणारा फायदा आहे.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा. मुरमावरचा पाया, टणक मसाला आणि गंजलेला स्लॅब असेल, तर भिंती ठेवा, स्लॅब बदला, वर एक हलकी खोली घ्या. पाया काळ्या मातीवर असेल किंवा तिरपा तडा वाढत असेल, तर स्लॅब बदला पण वर काही नको. मसालाच गेला असेल तर पाडण्याचा विचार करा, पण पैसे जमल्यावर.

कारण पाडण्याचा खर्च दिरांनी पूर्ण मोजलेला दिसत नाही. साध्या कामाचा दर आज चौरस फुटाला दोन हजारांच्या आसपास धरला तर खाली-वर मिळून 900 चौरस फुटांना अठरा लाख होतात. तेवढे महिने भाड्याचं घर वेगळं. शिवाय एकदा पाडलं की नवा नकाशा आजच्या नियमांनी मंजूर होणार, म्हणजे 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीने. पुढे-मागे जागा सोडावी लागेल, आणि आज पुढच्या अंगणावर वाढवलेली ती खोली कदाचित परत मिळणारच नाही. अर्धवट पैशांत पाडलेली आणि जोत्यावर अडकलेली घरं आपल्या शहरात कमी नाहीत.

स्लॅब बदलताना तुमच्या इंजिनिअरला दोन गोष्टी मुद्दाम विचारा. रांगेतल्या घरांचा स्लॅब कधीकधी शेजाऱ्यापर्यंत एकसंध ओतलेला असतो. तुमचा भाग तोडताना सामाईक भिंतीवर आधी डिस्क कटरने रेघ कापून तो सोडवावा लागतो, घण घालून नाही. आणि तुमच्याच दोन खोल्यांचा स्लॅब मधल्या भिंतीवरून सलग गेला असेल, तर एक खोली तोडताना दुसरीला टेकू द्यावे लागतात, कारण भिंतीवरच्या वरच्या सळया कापल्या की दुसऱ्या खोलीचा स्लॅब पूर्वीसारखा वागत नाही. शेजाऱ्यांशी आधी बोला. त्यांच्या भिंतींचे, तड्यांचे फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

वरची खोली हलकी म्हणजे किती हलकी? दहा फूट उंच, 9 इंची विटांची भिंत एका रनिंग फुटाला चारशे किलोच्या आसपास भरते. तीच 6 इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, शंभराच्या आसपास. म्हणून वर ब्लॉक, खालच्या भिंतींच्या बरोबर रेषेत, आणि छताला स्लॅबऐवजी लोखंडी सांगाड्यावर इन्सुलेशन असलेले पत्रे. साधा पत्रा टाकू नका, मे महिन्यात लेकरं तिथे बसणार नाहीत. संडास-न्हाणी वर न्यायचीच असेल तर खालच्या न्हाणीच्या बरोबर डोक्यावर, पाइप भिंतीबाहेरून. जिना लोखंडी, बाहेरून, स्वतःच्या छोट्या पायावर.

कागदपत्रांचं थोडक्यात. घर सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आणि सासऱ्यांच्या नावावर असेल तर पट्टा, हस्तांतर आणि ना-हरकत आधी बघून घ्या. जुन्या कागदांवर औरंगाबाद असेल, त्याने अडत नाही. वर खोली म्हणजे महापालिकेची परवानगी लागते. सगळ्या गल्लीने विनापरवाना बांधलंय हे बँकेला सांगून कर्ज मिळत नाही. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावंच लागतं. ते तसंही तुम्हाला हवंच आहे, तेव्हा एकाच खर्चात दोन्ही होतील. पंतप्रधान आवास योजनेच्या अडीच लाखांवर मात्र हिशेब बांधू नका. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर पक्कं घर असेल तर ती मदत मिळत नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढलंत, तर जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या अशा कर्जाच्या व्याजावर वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. पण ती घर ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळते. शिक्षिका आहात म्हणून सांगतो, घर तुमच्या नावावर असेल तरच पगारपत्रकात ते दाखवा.

काम कधी? दसरा-दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत स्लॅब ओतून घ्या. एप्रिल-मेमध्ये ओतलेल्या स्लॅबचं पाणी दुपारीच उडतं आणि नेमका तेव्हा टँकरचा भाव वाढलेला असतो. आज बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट मिळतं. त्याला किमान दहा दिवस, चौदा केले तर उत्तम, सतत ओलं ठेवायचं. स्लॅबवर मसाल्याच्या बारीक पाळी घालून वाफे करा आणि ते भरलेले ठेवा. हे पाणी अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहून घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी गुत्तेदार म्हणतो पाणी नाही, आणि चाळीस वर्षं टिकायचा स्लॅब तिथेच कच्चा राहतो.

आठ लाखांतला पहिला पैसा तपासणी, टेकू, हौद आणि ड्रेनेजला. मग स्लॅब आणि गच्ची. त्यानंतर वरची खोली. फरशी, ओटा, रंग, मॉड्युलर किचन हे उरलं तर. सासूबाईंना ओट्याचा काळा ग्रॅनाइट हवाय असं तुम्ही लिहिलंय. तो पुढच्या वर्षी बसवला तरी घराचं काही बिघडत नाही.

गुत्तेदाराकडून एकरकमी आकडा घेऊ नका. स्लॅबचे चौरस फूट, सळईचा व्यास आणि अंतर, सिमेंटच्या पोत्यांचा अंदाज, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं कागदावर घ्या. सळया बांधून झाल्या की ओतायच्या आधी इंजिनिअरने बघायच्या, आणि खाली ठोकळे आहेत का ते तुम्ही स्वतः वाकून बघायचं. त्याच्या पैशांचा शेवटचा दहावा हिस्सा पहिले चार मोठे पाऊस होऊन गेल्यावर, ही अट सुरुवातीलाच घाला.

आणि तोपर्यंत खड्डा, ठोकणी आणि सळयांची मापं झाली की आकडे कळवा. खड्ड्यातल्या मातीचा फोटो टाकलात तर उत्तम, ओला आणि सुका दोन्ही. वर खोली घ्यावी की नाही, हे त्यानंतरच मी ठामपणे सांगू शकेन.